यॉर्कशायर डेल्समधील पायवाटा

उत्तर इंग्लंडमधील पेनाइन डोंगररांगेच्या खोऱ्यांतून, कुरणांतून आणि माळांवरून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांचे जाळे. ‘डेल’ म्हणजे खोरे. हा शब्द स्कँडिनेव्हियातून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या नॉर्स भाषेशी नाते सांगतो. स्वेलडेल, व्हार्फडेल, रिबल्सडेल ही नावे तिथल्या नद्यांची. चीजसाठी प्रसिद्ध असलेले वेन्स्लीडेल मात्र नदीचे (यूर) नव्हे, तर वेन्स्ली या खेड्याचे नाव लावते.

१९५४ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की वनखात्याचे जंगल आठवते. इथे बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे आणि तिच्यावर शेतकऱ्यांच्या मेंढ्या चरतात. तरीही परका माणूस त्यांच्या कुरणातून उजळ माथ्याने जाऊ शकतो तो वहिवाटीच्या हक्कामुळे. चर्चला, बाजाराला, शिशाच्या खाणीवर जाणाऱ्या पावलांनी पडलेल्या या वाटा १९४९ च्या कायद्यानंतर अधिकृत नकाशांवर नोंदल्या गेल्या. नोंदलेली वाट मालकाला आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. पिवळा बाण पायी जाणाऱ्यांसाठी, निळा बाण घोडेस्वार व सायकलस्वारांनाही मोकळ्या असलेल्या वाटेसाठी. वाटेबाहेरचे बरेचसे उघडे माळ २००० च्या कायद्याने पायी हिंडायला खुले झाले.

चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती ही डेल्सची खूण. कोकणातला गडगा पाहिलेल्याला त्या ओळखीच्या वाटतील. जांभ्याच्या जागी इथे चुनखडक किंवा वालुकाश्म, इतकेच. वाट भिंतीपाशी आली की कुठे भिंतीतूनच बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या असतात, तर कुठे माणूस अंग चोरून जाईल पण मेंढी अडकेल एवढीच फट.

चुनखडक पाणी पोटात घेतो, त्यामुळे ओढे मध्येच गडप होतात आणि खाली कुठेतरी पुन्हा उगवतात. मॅलम गावामागचा मॅलम कोव्ह हा सुमारे ८० मीटर उंचीचा अर्धगोल कडा हिमयुगाच्या अखेरीस धबधबा होता. आज तो कोरडा आहे. डिसेंबर २०१५ च्या वादळी पावसात मात्र काही काळ त्यावरून पुन्हा पाणी कोसळले. माथ्यावर खडकाची भेगाळलेली फरसबंदी पसरली आहे. भेगांच्या सावलीत नेचे वाढतात, आणि पावसात त्या फरशीवर पाय हमखास घसरतो.

सर्वांत गाजलेली फेरी ‘थ्री पीक्स’ची : पेन-इ-गेंट (६९४ मी.), व्हर्नसाइड (७३६ मी.) आणि इंगलबरो (७२३ मी.). सुमारे ३९ किमी.ची ही वर्तुळाकार चाल बारा तासांत पुरी करायचा प्रघात आहे. उंचीचे आकडे सह्याद्रीत हिंडणाऱ्याला किरकोळ वाटतील, पण धुके, वारा आणि पायाखालची ओली पीट-माती (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदलीतली माती) हिशेब बदलतात. वाटेत सेटल-कार्लाइल रेल्वेचा २४ कमानींचा रिबलहेड पूल लागतो. याच लोहमार्गामुळे एका स्टेशनावर उतरून डोंगर ओलांडायचा आणि दुसऱ्या स्टेशनावरून परतायचे, असा बेत जमतो.

इंग्लंडमधील पहिला राष्ट्रीय दूरपल्ल्याचा पायी मार्ग, ४३१ किमी.चा पेनाइन वे, डेल्समधूनच जातो. त्याचे उद्‌घाटन २४ एप्रिल १९६५ रोजी मॅलमच्या माळावर झाले. त्याच्या ३३ वर्षे आधी याच तारखेला, दक्षिणेकडील किंडर स्काउटच्या बंदी असलेल्या माळावर मँचेस्टर परिसरातील कामगार तरुण हिंडण्याच्या हक्कासाठी मुद्दाम घुसले होते आणि त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला होता. आता गर्दीने या मार्गाची झीज होते. दलदलीच्या अनेक टप्प्यांवर त्यासाठी मोठमोठ्या फरशा अंथरल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा उत्तरेकडच्या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या आतल्या फरसबंदीच्या आहेत.