इंग्लिश इस्टेटी आणि थोरल्या मुलाची सही

खेड्यातली अवाढव्य हवेली, भोवती हजारो एकर जमीन आणि एकाच घराण्याच्या तीन-चार पिढ्या. इंग्लंडमधल्या अशा कथांत कधीतरी वकील येतो आणि मुलींना यातले काही मिळणार नाही, असे सांगून जातो. वाचकाला वाटते, तिथला कायदाच तसा. ते अर्धेच खरे. मृत्युपत्र न करता मालक वारला तर १९२५ अखेरपर्यंत जमीन थोरल्या मुलाकडे जाई; पण मुलगाच नसेल तर ती मुलींना समान मिळे, चुलत्याला नव्हे. मुलींना ओलांडून चुलतघरात इस्टेट नेण्याचे काम कायद्यापेक्षा घराण्याने स्वतः करून ठेवलेल्या दस्ताचे असे.

वंशात जमीन बांधून ठेवायला १२८५ च्या कायद्याने आधार दिला आणि पंधराव्या शतकात वकिलांनी लुटुपुटीचे दावे लावून ती गाठ सोडवण्याची युक्ती काढली. कथांमध्ये दिसते ती व्यवस्था मात्र सतराव्या शतकाच्या मध्यावर, यादवी युद्धाच्या सुमारास घडली. थोरल्याच्या लग्नाआधी दस्त होई. त्याला इस्टेटीचा फक्त तहहयात उपभोग. पुढचा हक्क त्याच्या अजून न जन्मलेल्या मुलाचा. त्यामुळे हयात मालकाला जमीन विकता येत नसे, की तिचे मनासारखे मृत्युपत्र करता येत नसे. विधवेची सालिना नेमणूक, धाकट्यांचे आणि मुलींचे रोख हिस्से त्याच दस्तात ठरत.

ही बांधणी अनंतकाळ चालवणे कायद्याला मान्य नव्हते. मुलगा २१ वर्षांचा झाला की बापलेक मिळून ती मोडू शकत. मोडतही, आणि लगेच नवी करत! मुलाच्या हाती पैसा नसे. बाप वार्षिक तनखा देऊ करी आणि त्या बदल्यात मुलगा पूर्ण मालक होण्याची संधी सोडून पुन्हा तहहयात हक्कावर येऊन बसे. त्याच सुमारास कुळांना मेजवानी, आतषबाजी. दर पिढीला एकदा सुटका शक्य होती आणि दर पिढीला ती रोख रकमेसाठी नाकारली गेली. कथाकार मृत्युशय्येवर आणि मृत्युपत्राच्या वाचनावर पाने खर्च करतात. खरे नाट्य या सहीत होते, असे मला वाटते.

हिस्से आणि नेमणुका भागवायला जमीन गहाण पडे. खंड चढता होता तोवर हे निभावले. मग १८७९ चा पावसाने नासलेला हंगाम आला आणि रेल्वे-आगबोटींनी अमेरिकेचा स्वस्त गहू. क्वार्टर या धान्याच्या जुन्या इंग्रजी मापामागे १८७७ मध्ये गव्हाचा सुमारे ५६ शिलिंग असलेला भाव १८९४ मध्ये २३ शिलिंगांच्या आत आला. खंड उतरले, व्याज उतरले नाही. १८८२ च्या कायद्याने तहहयात मालकाला विक्रीची मुभा दिली, पण पैसा विश्वस्तांच्या हाती आणि मुख्य हवेलीला त्यांची किंवा कोर्टाची संमती हवी. म्हणून आधी लांबची शेते गेली, मग चित्रे आणि ग्रंथसंग्रह. काही घरांत अमेरिकेची धनाढ्य सून आली.

१८९४ च्या मृत्यूकरावर जमीनदार तुटून पडले. घराणी या कराने बुडाली, हा सूर कथांतही कायम आहे. सुरुवातीचा सर्वोच्च दर होता ८ टक्के, तोही १० लाख पौंडांवरच्या इस्टेटीला. तेवढ्याने डळमळणारे घर आधीच कर्जात रुतलेले असणार. १९१९ चे ४० टक्के आणि १९४९ चे ८० टक्के ही गोष्ट निराळी. युद्धात मारल्या गेलेल्यांच्या इस्टेटींना या करात सवलत होती, हे कथांत सहसा येत नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या चार वर्षांत पाव इंग्लंड विकले गेले, हे त्या काळापासून चालत आलेले वाक्यही नंतरच्या अभ्यासकांना फुगवलेले वाटते. विक्री प्रचंड झाली हे खरे, आणि घेणारे बरेचदा तिथलेच कूळ होते.

हवेली एका विश्वस्त संस्थेला देऊन कुटुंबाने तिथेच राहायचे, ही सोय १९३७ मध्ये झाली. तरी १९५५ च्या सुमारास दर पाच दिवसांना एक हवेली पाडली जात होती. १९७४ मध्ये लंडनच्या एका संग्रहालयाने पाडलेल्या घरांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा लोकमत पालटले. तिकीट लावून दिवाणखाने दाखवणे तोवर अनेक मालकांच्या अंगवळणी पडले होते.

नव्याने अशी बांधणी करणे १९९६ च्या कायद्याने बंद केले. पदव्या बहुतांशी अजून पुरुषवारसाकडेच जातात. त्यामुळे हवेली मुलीला आणि पदवी दूरच्या चुलतभावाला, असे आता घडू शकते.