ब्रिटन आणि युरोपीय संघ: साखर आयातीच्या आकड्यांमागचा इतिहास

ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्या साखर आयातीचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले, तर एकटा देश आणि अनेक देशांचा समूह एवढाच फरक वरवर दिसतो. खरा फरक पिकाचा आहे. युरोप खंडाने आपली साखर स्वतःच्या शेतातल्या बीटपासून काढली, तर ब्रिटनची गोडी दीर्घकाळ समुद्रापलीकडच्या उसावर अवलंबून राहिली.

बीटमधली साखर उसातल्या साखरेसारखीच असते, हे मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये दाखवले आणि त्याचा शिष्य आखार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलेशियात (आजच्या पोलंडमध्ये) पहिला कारखाना काढला. नेपोलियनच्या काळात वसाहतींची साखर खंडात पोहोचेनाशी झाली, तेव्हा फ्रान्सने १८११ पासून बीटच्या लागवडीला सरकारी बळ दिले. ब्रिटनला अशी निकड नव्हती. त्याने १८७४ मध्ये साखरेवरचे आयातशुल्कच उठवले, आणि खंडातील सरकारे निर्यातीला जे अनुदान देत त्यामुळे स्वस्त झालेली बीटची साखर तेथे इतकी आली, की पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनची निम्म्याहून अधिक साखर जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीतून येत होती. युद्धाने हा पुरवठा एका फटक्यात तोडला. १९२५ चा बीट अनुदानाचा कायदा आणि १९५१ चा राष्ट्रकुल साखर करार हे दोन्ही त्याच धड्यातून निघाले, असे मला वाटते.

१९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वरूपात, आला, तेव्हा १९६८ पासून चालू असलेली तेथील साखरव्यवस्था हमीभाव, उत्पादनाचा कोटा आणि चढे आयातशुल्क यांवर उभी होती. राष्ट्रकुलातील ऊस उत्पादकांना त्यात जागा नव्हती. लंडनच्या टेम्सकाठी सिल्व्हरटाऊन येथे असलेली, उसाच्या कच्च्या साखरेवर चालणारी रिफायनरी बंद पडू द्यायची नाही आणि जुन्या वसाहतींना वाऱ्यावर सोडायचे नाही, या दोन गरजांतून समुदाय आणि जुन्या वसाहती यांच्यातील १९७५ च्या लोमे कराराला साखरेचा स्वतंत्र उपकरार जोडला गेला. त्यानुसार आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधील देशांकडून दरवर्षी सुमारे १३ लाख टन साखर ठरलेल्या भावाने घेण्याची हमी समुदायाने दिली. १९७४ च्या अखेरीस जागतिक भाव वजनाच्या एका पौंडामागे ६० अमेरिकी सेंटच्या वर गेला होता, त्यामुळे त्या क्षणी हा करार विकणाऱ्यांइतकाच घेणाऱ्यांच्याही गरजेचा होता. भारतालाही असाच वेगळा करार मिळाला. त्याचा कोटा पुढे १०,००० टनांवर स्थिरावला, म्हणजे महाराष्ट्रातल्या मध्यम आकाराच्या एका कारखान्याच्या हंगामापेक्षाही कमी.

हमीच्या १३ लाख टनांत सर्वांत मोठा वाटा मॉरिशसचा होता, जवळजवळ ४ लाख ९१ हजार टन. त्या उसाच्या मळ्यांत १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय नेले गेले, त्यांत कोकणातून आणि मुंबई इलाख्याच्या इतर भागांतून गेलेली मराठी कुटुंबेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात. लंडनच्या रिफायनरीत उतरणाऱ्या कच्च्या साखरेचा हिशेब मांडताना हे श्रम विसरता येत नाहीत.

साखरेचा हा उपकरार बेमुदत मानला गेला होता, पण ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत केलेल्या तक्रारीत २००५ मध्ये युरोपची हार झाली. तिचा रोख युरोपच्या अनुदानित निर्यातीवर होता. २००६ च्या सुधारणांनी पांढऱ्या साखरेचा संदर्भभाव टनाला ६३१.९ युरोवरून टप्प्याटप्प्याने ४०४.४ युरोवर आणला. साखरेचा उपकरार २००९ मध्ये संपला. मॉरिशसने कच्ची साखर पाठवणे सोडून स्वतःच शुद्ध पांढरी साखर करायला घेतली आणि ती खंडातल्या खरेदीदाराकडे वळवली. युरोपातील उत्पादन कोटेही ३० सप्टेंबर २०१७ रोजी उठले. त्यांच्यासोबत आयसोग्लुकोज या स्टार्चपासून बनणाऱ्या पातळ गोडव्यावरची मर्यादाही गेली. कोट्याच्या काळात त्याचे उत्पादन जखडलेले असल्याने अमेरिकेत जसा तो साखरेला पर्याय झाला, तसा युरोपात झाला नाही.

ब्रिटन संघात असेपर्यंत फ्रान्सहून तेथे जाणारी साखर संघाच्या आयातीत धरली जात नसे, कारण ती अंतर्गत विक्री होती. मात्र सिल्व्हरटाऊनला उतरणारी कच्ची साखर संघाची आयात म्हणून नोंदली जाई. १ जानेवारी २०२१ पासून ही दोन्ही गणिते फिरली. फ्रान्सची साखर ब्रिटनची परकीय आयात झाली, टेम्सवरची कच्ची साखर संघाच्या खात्यातून निघाली, आणि ब्रिटनने कोणत्याही देशातून येणाऱ्या २ लाख ६० हजार टन कच्च्या उसाच्या साखरेला शुल्कमुक्त वाट दिली. बीट उत्पादक शेतकऱ्यांनी तिला विरोध केला, तर रिफायनरीने तिची मागणी केली होती. संघाची आयात त्या वर्षी घटलेली दिसली, तर त्यातला किती भाग केवळ या फेरनोंदणीचा आहे हे आधी वेगळे काढावे लागते. शिवाय १०० किलो कच्ची साखर शुद्ध केल्यावर युरोपीय हिशेबाप्रमाणे ९२ किलो पांढरी साखर धरली जाते, म्हणून एका बाजूचे आकडे कच्च्या वजनाचे आणि दुसऱ्या बाजूचे पांढऱ्याचे असतील, तर तुलनेपूर्वी ते एकाच मापात आणणे भाग आहे.