औषध फाटकापाशी सुटतं तेव्हा

तुरुंगातून सुटलेल्या माणसाचे मानसिक उपचार चालू राहिले, तर त्याच्या हातून पुन्हा हिंसा घडण्याची शक्यता घटते का? प्रश्न साधा, उत्तर काढणं अवघड. नेमाने औषध घेणाऱ्याला बहुधा घर असतं, वाट पाहणारी आई असते. मध्येच सोडणाऱ्याला यातलं काहीच नसेल. मग फरक औषधाचा की आईचा? आणि निव्वळ तुलनेसाठी निम्म्या आजारी माणसांना औषधाविना ठेवणं तर माणुसकीला धरून नाही.

स्वीडनमधल्या संशोधकांनी यावर काढलेली वाट मला फार मोलाची वाटते. तिथे प्रत्येकाला एक व्यक्तिक्रमांक असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध घेतलं की त्याची नोंद होते, कोर्टात शिक्षा झाली की तिचीही, आणि दोन्ही त्याच क्रमांकावर. २००५ ते २०१० या काळात सुटलेल्या २२,२७५ कैद्यांच्या अशा नोंदी त्यांनी जुळवल्या आणि प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. औषध चालू होतं तो काळ एकीकडे, बंद होतं तो दुसरीकडे. माणूस तोच, आई तीच.

निष्कर्ष २०१६ मध्ये आले. अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमासारख्या तीव्र मनोविकारांवरची औषधं चालू असताना हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी होतं, व्यसनावरच्या औषधांच्या काळात ५२ टक्क्यांनी. नैराश्यावरच्या औषधांचा तसा ठोस परिणाम दिसला नाही. हे सारं औषधामुळेच घडलं, असं मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. गोळ्या चालू होत्या त्याच काळात नोकरीही लागलेली असू शकते.

आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तिथल्या मध्यवर्ती तुरुंगात ५,०२४ कैद्यांची पाहणी केली. व्यसनं बाजूला ठेवली तरी चारात एकाहून जास्त जणांना मानसिक आजार होता. ही झाली भिंतीआतली मोजदाद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दर राज्यात किमान एका तुरुंगात उपचारांची सोय करायला सांगितलं आहे, म्हणजे तीही आतलीच.

आपल्या तुरुंगांत चारापैकी तीन जण कच्चे कैदी. त्यांची सुटका आधी ठरलेली नसते. जामीन झाला की माणूस बाहेर, केसपेपर आत. तो केसपेपर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत पोचवला आणि पुढचे सहा महिने कुणी घरी जाऊन विचारपूस केली, तर किती जणांचं औषध चालू राहतं? हे मोजण्यासाठी पैसा आधी द्यायला हवा.