सीएस की व्हॅलोरंट? पंधरा वर्षांनी माउस धरणाऱ्यांसाठी

अमरावतीत कॉलेजला असताना सायबर कॅफेत बसून काउंटर-स्ट्राइक 1.6 (आमच्या भाषेत सीएस, कॉम्प्युटरवरचा बंदुकांचा खेळ) खेळलेले लोक आमच्या वयाच्या मंडळींत गावोगाव सापडतील. डस्ट2 चा नकाशा तेव्हा स्वतःच्या वावराच्या धुऱ्यांपेक्षा जास्त पाठ होता. मग शेती, लग्न, पोरं आली आणि माउस सुटला तो सुटलाच. यंदा कापसाची वेचणी आटोपल्यावर संध्याकाळी जरा उसंत मिळाली, तेव्हा पुतण्याच्या लॅपटॉपकडे नजर गेली. पाच विरुद्ध पाच, एक बाजू बॉम्ब लावतेय, दुसरी अडवतेय. "अबे, हे तर सीएस!" मी म्हटलं. पोट्टं हसलं. "थे सीएस नाही काका, व्हॅलोरंट हाय."

माझी चूक तशी साहजिक होती. व्हॅलोरंट रायट गेम्सने 2 जून 2020 ला आणला, आणि त्याचा सांगाडा सरळसरळ काउंटर-स्ट्राइकचाच आहे. आजच्या सीएसशी, म्हणजे सीएस2 शी ताडून बघा: दोन्हीकडे पहिल्या राउंडला खिशात खेळातले 800, दोन्हीकडे 13 राउंड आधी जिंकणारा विजयी, मेला की राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. धावता धावता गोळी झाडली तर दोन्हीकडे ती भलतीकडेच जाते, थांबूनच मारावी लागते. सीएसमध्ये एके-47 ला 2700 लागतात, व्हॅलोरंटमध्ये व्हँडल या बंदुकीला 2900. दोहोंची एक गोळी डोक्यात बसली की समोरचा आडवा. बॉम्ब तिकडे 40 सेकंदांत फुटतो, इकडे 'स्पाइक' 45 सेकंदांत.

आता खरा फरक. तो मला कोणी समजावून सांगितला नाही, मार खाऊन कळला.

असेंट नावाच्या नकाशावर मी जुन्या सवयीने एका पेटीमागे दबा धरून बसलो. शिफ्ट दाबून गेलो होतो, पावलांचा आवाज नाही. 1.6 मध्ये अशा जागी बसलेल्याला शोधायला समोरच्याला कोपरा वळूनच यावं लागायचं. इथे काय झालं, वरून एक बाण आला आणि शेजारच्या भिंतीत रुतला. त्यातून लहरी निघाल्या, आणि माझा आकार भिंतीपलीकडच्यांना लख्ख दिसला. पुढच्या क्षणी पातळ भिंतीतून गोळ्या आल्या. मी कोणाला पाहिलंसुद्धा नाही. "सोव्हाचा बाण हाय थो," पुतण्या शांतपणे म्हणाला, "बाण दिसला की पहिले थो फोडाचा, नाही तं जागा सोडाची."

व्हॅलोरंटमध्ये प्रत्येक जण एक 'एजंट', म्हणजे पात्र घेतो, सोव्हा त्यातलाच एक, आणि प्रत्येकाची विद्या वेगळी. सेज बर्फाची भिंत उभी करते, सायफर दारात अदृश्य तार ओढून ठेवतो, जेट हवेत उडी घेऊन क्षणात बाजूला होते. हार्बर हा एजंट तर भारतीय आहे, पाण्याची भिंत सोडतो. असे दोन डझनांहून जास्त एजंट. बंदूक चालवणं जुनंच, पण समोरच्याकडे कोणती विद्या आहे आणि ती वापरून झाली की शिल्लक आहे, हा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. शाळेतल्या पोरांना तो सहज जमतो. मला पहिले दोन आठवडे मेलो कशाने हेच कळत नव्हतं.

सीएस2 मध्ये विद्या-बिद्या नाही. जे मिळतं ते सगळ्यांना दुकानात, पैसे देऊन: फ्लॅश (डोळे दिपवणारा), स्मोक (धुराचा), हातगोळा, आग लावणारी बाटली वगैरे. ही बाटली 1.6 मध्ये नव्हती, तेव्हा कोपऱ्यात बसायची सवय इथेही थोडी अंगाशी येते. धूरही आता वेगळा आहे. तो खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो आणि त्यात हातगोळा फेकला की मध्ये क्षणभर खिडकी उघडते. जुन्या माणसाने एवढं नवीन शिकलं तरी बाकी सगळं ओळखीचं निघतं. डस्ट2 सुद्धा आहे. (मधली आवृत्ती सीएस:गो शोधू नका, 27 सप्टेंबर 2023 पासून त्याची जागा सीएस2 ने घेतली.)

हाताच्या सवयीचंही तेच. सीएसमध्ये एकेचा स्प्रे, म्हणजे सलग झाडलेल्या गोळ्यांचा फवारा, ठरलेल्या वाटेने वर चढतो आणि मग डावी-उजवीकडे वळतो. ती वाट पाठ केली की माउस उलट ओढून गोळ्या एका जागी ठेवता येतात. व्हॅलोरंटमध्ये सुरुवातीच्या गोळ्यांनंतर बंदूक कुठल्या बाजूला झुकेल याचा भरवसा नाही. दोन-तीन गोळ्या, थांबा, परत दोन-तीन. माझं बोट अजून ऐकत नाही.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग सीएस2 च घ्या. थांबा, लॅपटॉप बघा. सीएस2 ला 85 जीबी जागा आणि 8 जीबी रॅम मागतात. रोजच्या 2 जीबी डेटावर ते उतरवायला महिना-दीड महिना जाईल! मी तालुक्याला फायबर असलेल्या मित्राकडून हार्ड डिस्कवर कॉपी करून आणलं, आणि स्टीमने (खेळ विकणारं, चालवणारं ॲप) फाइली तपासून ते चालू करून दिलं. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आमच्या लॅपटॉपवर धूर पसरला की चित्र अडखळायचं. व्हॅलोरंट 4 जीबी रॅमवरही चालतो. साध्या, जुन्या मशीनसाठी तो दिलदार आहे, हे कबूल केलंच पाहिजे.

दिलदारीला एक अट मात्र आहे. त्याचा व्हॅनगार्ड नावाचा चोरपकड्या, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्राम, विंडोज सुरू होतानाच खोलवर जाऊन बसतो, आणि विंडोज 11 असेल तर टीपीएम 2.0 आणि सिक्योर बूट हे लॅपटॉपचे दोन सुरक्षा-पर्याय चालू असावेच लागतात. बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर होत असतील तर हे पटतंय का ते आधी ठरवा. तो बंद करता येतो, पण खेळायचं म्हटलं की लॅपटॉप परत सुरू करावा लागतो.

पैशाचं थोडक्यात: दोन्ही फुकट. रंगवलेल्या बंदुका सीएसमध्ये विकत घेऊन परत विकता येतात, पैसे स्टीमच्या पाकिटातच राहतात. व्हॅलोरंटमध्ये घेतली की घेतली. आत कोणती बंदूक निघेल ठाऊक नसलेल्या सीएसच्या पेट्या किल्ली विकत घेऊन उघडायचा प्रकार मात्र मटक्याच्या चुलत घराण्यातला आहे, पोरांपासून लांब ठेवा.

सर्व्हर दोन्हींचे मुंबईत आहेत, त्यामुळे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, बरा मिळतो. त्रास देतो तो मोबाइलच्या नेटवर्कचा झोका. आणि विजेची लाईन. मॅच अर्धवट सुटली की दोन्हीकडे शिक्षा होते. सीएसमध्ये ती अर्ध्या तासाच्या बंदीपासून सुरू होऊन सात दिवसांपर्यंत जाते, आणि डीपी (गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर) उडाली होती हे तिथे कोणाला सांगणार?

माझं उत्तर असं: ग्राफिक्स कार्ड असेल आणि आठवड्यातून दोनच संध्याकाळी मिळत असतील तर सीएस2. मशीन साधं असेल आणि घरात शिकवणारं पोट्टं असेल तर व्हॅलोरंट. मी सध्या व्हॅलोरंट खेळतो, पुतण्यामुळे.

पण लाईन गेली की आम्ही दोन लॅपटॉप लॅन केबलने जोडतो, स्टीम ऑफलाइन टाकतो आणि बॅटरीवर 1.6 लावतो. तो स्टीमवर अजून विकत मिळतो. परवा डस्ट2 च्या लांबच्या दारात मी त्याला सलग सहा वेळा पाडलं.

"काका, इथं बाण नाही का वो?" तो विचारत होता.