बर्ड फ्लूची कात्री

बर्ड फ्लूची बातमी आली की स्थलांतरित पक्ष्यांच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात होते. रानबदकं पोटात भयंकर विषाणू घेऊन हिंडतात आणि वाटेतल्या पोल्ट्रीत तो सोडून जातात, असा सरसकट समज आहे. आज तो निम्मा खरा आहे. पण मुळात गंगा उलटी वाहिली होती. रानबदकांच्या आतड्यात शेकडो पिढ्या सुखाने नांदणारा विषाणू अगदी मवाळ असतो. तो जीवघेणा होतो पाळीव पक्ष्यांच्या गर्दीत शिरल्यावर, आणि तेही त्याच्या एका प्रथिनात जेमतेम चार-पाच अमिनो आम्लं वाढली म्हणून.

हे प्रथिन म्हणजे हिमॅग्लुटिनिन, ‘एच५एन१’ या बर्ड फ्लूच्या विषाणूच्या नावातला ‘एच’. विषाणूच्या पृष्ठभागावर त्याचे काटे असतात. काट्याचं टोक पेशीला चिकटतं आणि पेशी विषाणूला एका बुडबुड्यात गुंडाळून आत ओढून घेते. पण आत गेला म्हणजे काम झालं असं नाही. बुडबुड्यातलं द्रव्य आम्लधर्मी झालं की काट्याचा एक भाग झटकन उलगडून बुडबुड्याच्या पडद्यात घुसतो, तेव्हा कुठे विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय माहिती, बाहेर पडतो. आणि हा भाग उलगडण्यासाठी काटा आधीच एका ठरावीक जागी कापलेला असावा लागतो. न कापलेला विषाणू पेशीत शिरला तरी बुडबुड्यातच अडकून राहतो.

कापायची कात्री विषाणूकडे नसते, ती यजमानाची वापरावी लागते. मवाळ विषाणूत कापायच्या जागी आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल असतं. ते ओळखून कापणारी, ट्रिप्सिनच्या जातीची विकरं (एन्झाइम) फक्त आतड्यात आणि श्वसनमार्गात मिळतात. त्यामुळे विषाणू मेंदूत किंवा हृदयात पोचला तरी तिथे त्याची डाळ शिजत नाही. घातक विषाणूत मात्र त्या जागी आर्जिनिन आणि लायसिन यांची रांगच असते. ही रांग फ्युरिन नावाच्या विकराला ओळखता येते, आणि फ्युरिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. मग मेंदू, यकृत, रक्तवाहिन्यांचं अस्तर, सगळीकडे कात्री हजर. कोंबडीचा तुरा जांभळा पडतो, डोकं सुजतं, पायांवर रक्ताचे डाग उमटतात आणि दोन-तीन दिवसांत शेडच्या शेड आडवी होते.

ही रांग येते कुठून, हा मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. आरएनएच्या अक्षरांत AAA म्हणजे लायसिन आणि AGA म्हणजे आर्जिनिन. कापायच्या जागेजवळ A आणि G या अक्षरांची गर्दी असते. आरएनएची नक्कल करणारं विकर तिथे घसरतं, तेच तेच पुन्हा वाचतं, आणि नकलेत काही अक्षरं जादा येतात. जादा अक्षरंही A आणि G, म्हणून वाढलेली अमिनो आम्लंही लायसिन आणि आर्जिनिनच! इन्फ्लुएंझाचे ‘एच’ प्रकार डझनाहून अधिक आहेत, पण निसर्गात असं घातक रूप फक्त एच५ आणि एच७ यांनी घेतलेलं आहे.

बदकात या घसरणीचा विषाणूला फायदा नाही. तो विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्या बदकात जातो. यजमान हिंडता-फिरता हवा. हजारो एकसारख्या कोंबड्या दाटीवाटीने असल्या की यजमान मेला तरी पुढचा शेजारीच असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात 1983च्या एप्रिलमध्ये सौम्य म्हणून नोंदलेला एच५एन२ ऑक्टोबरपर्यंत घातक झाला आणि सुमारे 1.7 कोटी पक्षी गेले.

आजच्या एच५एन१चा पूर्वज 1996मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये 18 माणसांना लागण झाली, 6 दगावली. मग हा घातक विषाणू उलट रानपक्ष्यांत शिरला. 2005मध्ये चीनमधल्या चिंगहाय सरोवरावर हजारो पक्षी मेले. 2021अखेर तो अटलांटिक ओलांडून कॅनडात पोचला, 2023मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर हत्ती सीलची सुमारे 17,000 पिल्लं मेली, आणि 2024च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही तो आढळला.

आता माणसांचं. ‘अतिघातक’ हा शिक्का कोंबड्यांपुरता आहे. प्रयोगशाळेत चार ते आठ आठवड्यांच्या कोंबड्यांना विषाणू टोचतात. किमान 75 टक्के मेल्या तर शिक्का बसतो. माणसाचं काय होईल, हे त्यावरून कळत नाही. 2003पासून साडेनऊशेहून अधिक माणसांत संसर्ग नोंदला गेला आणि जवळपास निम्मी दगावली, म्हणून ‘निम्मं जग मरणार’ असे मथळे येतात. पण किरकोळ आजारी पडलेले दवाखान्यात जात नाहीत, त्यामुळे ते या हिशोबात फारसे येत नाहीत. कापूर हुंगणं आणि काढे पिणं यांची फॉरवर्ड झालेली पत्रकं एकीकडे आणि हे मथळे दुसरीकडे. दोन्ही सारखीच निरुपयोगी. नीट शिजवलेल्या अंड्याने किंवा कोंबडीने रोग होत नाही, 70 अंशांच्या वर विषाणू टिकत नाही.

माणसात अडचण कात्रीची नाही, चिकटण्याची आहे. विषाणूचा काटा पेशीवरच्या सायलिक आम्ल या साखरेसारख्या रेणूला चिकटतो. पक्ष्यांच्या पेशींवर त्याची जोडणी वेगळी, आपल्या नाका-घशातली वेगळी. पक्ष्यांसारखी जोडणी आपल्याकडे फुप्फुसांच्या खोल भागात आणि डोळ्यांत सापडते. म्हणून लागण होते, पण एकाकडून दुसऱ्याकडे सहज जात नाही. 2024मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींच्या कासेत हा विषाणू शिरला. तिथल्या कामगारांत मुख्य लक्षण होतं लाल झालेले डोळे.

जोडणीची ही अडचण एकेक बदल करत ओलांडायला वेळ लागतो. पण इन्फ्लुएंझाचा आरएनए आठ सुट्या तुकड्यांत असतो, आणि एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. अमेरिकेत गोठ्यांतल्या आणि पोल्ट्रीतल्या कामगारांना साध्या हंगामी फ्लूची लस द्यायचं ठरलं ते याच कारणाने. ती एच५एन१ला अडवत नाही. माणसाचा फ्लू आणि पक्ष्यांचा फ्लू एकाच शरीरात एकत्र येण्याची शक्यता तेवढी कमी करते.