स्पेनने माफी मागावी का? वाद आजचा नाही

1 ऑक्टोबर 2024 रोजी क्लाउडिया शीनबाउम यांनी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा सोहळ्याला स्पेन सरकारचा एकही प्रतिनिधी नव्हता. पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांना बोलावणं होतं, पण राजे सहावे फेलिपे यांना मुद्दाम वगळलं होतं. राजाला डावललेलं खपवून घेणार नाही, असं म्हणत स्पेनने सोहळ्याकडे पाठच फिरवली. हा रुसवा 2019 पासूनचा. त्या वर्षी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मानुएल लोपेझ ओब्रादोर यांनी फेलिपे आणि पोप फ्रान्सिस या दोघांना पत्रं धाडली. मेक्सिको जिंकताना मूळ रहिवाशांवर झालेल्या अत्याचारांबद्दल क्षमा मागा, अशी त्यांची मागणी होती. स्पेन सरकारने पत्रक काढून ती ठामपणे फेटाळली. पाचशे वर्षांपूर्वीच्या घटना आजच्या निकषांवर जोखता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा.

ऐकायला मुद्दा बिनतोड वाटतो. पण हे निकष आजचे आहेत हे कुणी ठरवलं? लूट चालू होती त्याच काळात स्पॅनिश माणसांनीच स्पॅनिश राजसत्तेला हे प्रश्न विचारले होते.

कोलंबस 1492 मध्ये कॅरिबियन बेटांवर पोहोचला. पुढच्याच वर्षी पोप सहाव्या अलेक्झांडरने फर्मान काढून अटलांटिकपलीकडची भूमी कास्तीलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या मुख्य राज्याच्या, राजघराण्याला बहाल केली. 1494 मध्ये तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने समुद्रात रेघ आखून जगच वाटून घेतलं: केप व्हर्दे बेटांपासून 370 लीग (अंतराचं जुनं माप) पश्चिमेला गेलं की पलीकडचं स्पेनचं, अलीकडचं पोर्तुगालचं. गोव्यात स्पॅनिश न येता पोर्तुगीज आले, त्यात या वाटणीचाही हात आहे.

बेटांवर वसाहतवाल्यांनी ‘एन्कोमिएन्दा’ नावाची पद्धत रुजवली. गावंच्या गावं एकेका स्पॅनिश माणसाच्या नावे लावायची. लोकांनी त्याच्यासाठी राबायचं, सोनं काढायचं, आणि त्याने बदल्यात त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. कागदावर पालकत्व, प्रत्यक्षात निव्वळ वेठबिगारी. 1511 च्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मॉन्तेसिनोस हा डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाचा साधू प्रवचनाला उभा राहिला. समोर सगळी बडी मंडळी, खुद्द कोलंबसाचा मुलगा दिएगोही. मॉन्तेसिनोसने थेट विचारलं: कोणत्या हक्काने तुम्ही या लोकांना असं गुलामीत ठेवता? ही माणसं नाहीत का? श्रोते खवळले आणि शब्द मागे घे म्हणून मठावर चालून गेले. पुढच्या रविवारी तो पुन्हा उभा राहिला, आणि आदल्यापेक्षा कडक बोलला.

तक्रारी राजा फर्दिनांदपर्यंत गेल्या. 1512 मध्ये बुर्गोसचे कायदे झाले: कामाला मर्यादा, विश्रांती, मारहाणीला बंदी. एन्कोमिएन्दा तशीच राहिली. मग राजाच्या कायदेपंडितांनी एक अजब दस्तऐवज तयार केला, ‘रेकेरिमिएन्तो’, म्हणजे एक प्रकारची नोटीस. चढाईआधी मूळ रहिवाशांना ती वाचून दाखवायची. देवाने जग निर्माण केलं, पोपकडे त्याचा अधिकार आला, पोपने ही भूमी आमच्या राजाला दिली, म्हणून शरण या. आलात तर उत्तम. नाही आलात तर युद्ध करू, बायकामुलांना गुलाम करून विकू, मालमत्ता घेऊ. आणि त्यात जे मृत्यू होतील त्यांचा दोष तुमचा, आमचा नव्हे. शेवटी हजर असलेल्या नोटरीने वाचन झाल्याचा सही-शिक्क्याचा दाखला द्यायचा.

वाचन स्पॅनिशमध्ये, ऐकणाऱ्यांना त्यातलं अक्षर कळत नसे. लोक पळून गेल्यावर ओस पडलेल्या गावातही ती वाचल्याच्या नोंदी आहेत. 1514 च्या दारिएन (आजच्या पनामाचा भाग) मोहिमेत ती वाचायची जबाबदारी असलेल्या ओव्हिएदो या बखरकारालाच हा प्रकार हास्यास्पद वाटला होता. मूळ रहिवाशांची बाजू घेणारा धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास याने तर लिहून ठेवलंय की यावर हसावं की रडावं तेच कळत नाही. मला या कागदातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते नोटरीचं कलम. ज्याला आपल्या हक्काची खात्री आहे तो दाखले गोळा करत बसत नाही.

हा लास कासास आधी स्वतःच एन्कोमिएन्दावाला होता. 1514 मध्ये त्याने ती सोडली आणि उरलेलं आयुष्य, पन्नासेक वर्षं, तिच्याविरुद्ध खटपट करण्यात घालवलं. तोही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. मूळ रहिवाशांची सुटका व्हावी म्हणून आफ्रिकी गुलाम आणावेत असं त्यानेच एकदा सुचवलं होतं, आणि त्याचा पश्चात्तापही पुढे लिहून ठेवला.

कागदी वाद एकीकडे चालू असताना मुख्य भूमीवरची साम्राज्यं कोसळत होती. 13 ऑगस्ट 1521 रोजी मेक्सिकोतल्या अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या कोर्तेस याच्या मूठभर स्पॅनिशांपेक्षा त्यांच्या बाजूने लढणारे त्लाश्कालाचे आणि इतर स्थानिक योद्धे कितीतरी पटींनी जास्त होते; शिवाय आदल्या वर्षी देवी रोगाच्या साथीने शहर पोखरलं होतं. नोव्हेंबर 1532 मध्ये पेरूतल्या काहामार्का इथे पिझारो या दुसऱ्या स्पॅनिश म्होरक्याने 168 माणसांनिशी इंका सम्राट आताहुआल्पाला पकडलं. खंडणी म्हणून त्याने एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून दिली. तरीही पुढच्या वर्षी त्याला मारलंच.

सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने 1539 मध्ये व्याख्यानांत मांडलं की पोप काही जगाचा मालक नाही, त्यामुळे त्याच्या दानपत्राला अर्थ नाही. मूळ रहिवासी आपल्या भूमीचे खरे धनी आहेत. (त्याच दमात त्याने व्यापार आणि प्रवास अडवला तर युद्ध रास्त ठरेल अशी पळवाटही ठेवली.) स्पेनचा राजा असलेल्या सम्राट पाचव्या चार्ल्सने व्हितोरियाच्या मठाच्या प्रमुखाला पत्र लिहून ही चर्चा बंद करायला सांगितलं. पण 1542 मध्ये त्याच चार्ल्सने नवे कायदे आणले: मूळ रहिवाशांना गुलाम करायला बंदी, आणि एन्कोमिएन्दा वारसाने मुलाकडे जाणार नाही. पेरूत वसाहतवाल्यांनी बंड केलं, 1546 मध्ये खुद्द व्हाइसरॉयला ठार मारलं. वारसाचं कलम त्याआधीच मागे घ्यावं लागलं होतं.

1550 आणि 1551 मध्ये वायादोलिदला पंडितांच्या मंडळापुढे, मूळ रहिवाशांवरची युद्धं न्याय्य आहेत का यावर वादसभा झाली. एका बाजूला सेपुल्वेदा हा पंडित, जन्मतःच काही लोक गुलामीसाठी असतात या अॅरिस्टॉटलच्या आधारावर उभा. दुसऱ्या बाजूला सत्तरीकडे झुकलेला लास कासास, पाच दिवस आपला युक्तिवाद वाचत राहिलेला. सभेने निकाल कधीच दिला नाही. प्रत्यक्षात लूट चालूच होती. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात 1545 मध्ये चांदी सापडली होती, आणि 1570 च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने इंकांचीच ‘मिता’ ही वेठीची रीत तिथल्या खाणींसाठी वळवली. पुरुषांनी पाळीपाळीने खाणीत उतरायचं, वर्षाला सुमारे तेरा हजार. निघणाऱ्या चांदीतला पाचवा हिस्सा राजाचा, आणि एवढं असूनही दुसऱ्या फिलिपने 1557, 1575 आणि 1596 मध्ये दिवाळं काढलं.

लास कासासने या अत्याचारांवर 1552 मध्ये छापलेलं पुस्तक पुढे डच आणि इंग्रजांनी स्पेनविरुद्ध प्रचाराला वापरलं. ‘आमची बदनामी’ ही स्पेनमधली भावना तिथूनची, आणि ती अगदीच निराधार नाही. बदनामी करणाऱ्यांचे हातही रक्ताचेच होते. स्पेनचा राष्ट्रीय दिन आजही 12 ऑक्टोबर, म्हणजे कोलंबस अमेरिकेला पोहोचला तो दिवस.

मेक्सिकोचंही दुखणं आहेच. 1821 मध्ये स्वतंत्र झाल्यावर सत्ता आली ती बहुतांशी स्पॅनिश वंशाच्या जमीनदारांकडे, आणि माया व याकी या मूळ रहिवाशांवर नव्या देशानेच मोठे अत्याचार केले. 2021 मध्ये लोपेझ ओब्रादोर यांनी त्या दोघांची राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्येच बोलिव्हियात चर्चच्या वतीने क्षमा मागितली होती, आणि 2023 मध्ये व्हॅटिकनने पंधराव्या शतकातल्या फर्मानांवर उभारलेला ‘शोधा’चा सिद्धांत, म्हणजे ख्रिस्ती राजांनी शोधलेली भूमी त्यांचीच हा दावा, नाकारला. माद्रिदमधून पहिला मऊ सूर ऐकू आला तो 2025 च्या ऑक्टोबरअखेरीला. मेक्सिकोतल्या आदिवासी स्त्रियांच्या कलेच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला परराष्ट्रमंत्री होसे मानुएल आल्बारेस यांनी मूळ रहिवाशांच्या वाट्याला दुःख आणि अन्याय आल्याचं मान्य केलं. माफी हा शब्द त्यांनी टाळला. शीनबाउम यांनी पहिलं पाऊल म्हणून त्याचं स्वागत केलं.