होरायझन युरोप सहयोगी प्रकल्प : अर्ज आणि मूल्यमापन

युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ (२०२१–२०२७) या संशोधन कार्यक्रमातून अनेक देशांतील विद्यापीठे, संशोधनसंस्था, उद्योग आणि सार्वजनिक संस्था मिळून जे प्रकल्प करतात, त्यांच्यासाठी अनुदान मागण्याची पद्धत. कार्यक्रमाची मूळ तरतूद ९५.५ अब्ज युरोंची. मोठे भागीदारी प्रकल्प मुख्यतः त्याच्या दुसऱ्या स्तंभात येतात. आरोग्य, संस्कृती व समाज, नागरी सुरक्षा, डिजिटल, उद्योग व अवकाश, हवामान, ऊर्जा व वाहतूक, अन्न, जैवअर्थव्यवस्था व पर्यावरण असे या स्तंभाचे सहा गट आहेत. पहिल्या स्तंभातील युरोपियन रिसर्च कौन्सिलचे अनुदान एका संशोधकाच्या कल्पनेला मिळते, आणि ती कल्पना त्याने स्वतः निवडलेली असते. दुसऱ्या स्तंभात प्रश्न आधीच ठरलेला असतो. हा फरक ध्यानात न घेता लिहिलेले अर्ज विज्ञानाने कितीही सरस असले तरी मागे पडतात.

विषयाचा मजकूर. वर्क प्रोग्रॅममध्ये, म्हणजे युरोपीय आयोग प्रसिद्ध करतो त्या संशोधनविषयांच्या यादीत, प्रत्येक विषयाखाली एका प्रकल्पाला अपेक्षित रक्कम, एकूण निधी, कृतीचा प्रकार, ‘अपेक्षित परिणाम’ आणि ‘व्याप्ती’ दिलेली असते. एकूण निधीला प्रकल्पाच्या रकमेने भागले की किती प्रकल्प घेतले जाणार ते कळते. बरेचदा उत्तर एक ते तीन एवढेच येते. जाणती मंडळी व्याप्तीचा मजकूर वाक्यावाक्याने फोडून तक्ता करतात. डावीकडे मागणी, उजवीकडे ती कोणत्या कामात आणि कोणत्या भागीदाराकडून पुरी होणार हे. उजवीकडे जी ओळ रिकामी राहते, तिथे कोणता भागीदार शोधायचा हे आपोआप ठरते. ओळ तशीच सोडली तर परीक्षकांच्या अहवालात ती ‘उणीव’ म्हणून नोंदली जाते आणि निदान अर्धा गुण जातो.

कृतीचे मुख्य प्रकार दोन. ‘संशोधन व नवोन्मेष कृती’त सर्वांना पात्र खर्चाच्या १०० टक्के अनुदान मिळते. ‘नवोन्मेष कृती’त नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांना ७० टक्के आणि विद्यापीठांसह विनानफा संस्थांना १०० टक्के मिळते. दुसऱ्या प्रकारात तंत्रज्ञान प्रत्यक्ष वापराच्या जवळ असावे लागते, त्यामुळे तंत्रज्ञान-सिद्धतेची पातळी (१ ते ९) कुठून कुठे नेणार हे आकड्यात सांगावे लागते.

भागीदारांची जुळणी. किमान अट अशी : तीन वेगवेगळ्या सदस्य वा सहयोगी (संघाबाहेरचे, पण करार करून कार्यक्रमात सामील झालेल्या) देशांतील तीन परस्परस्वतंत्र संस्था, आणि त्यांपैकी निदान एक सदस्य देशातली. (ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून सहयोगी देश आहे.) प्रत्यक्षात दहा-पंधरा भागीदार सर्रास दिसतात. संख्या वाढली की अर्ज भारदस्त वाटतो, हा समज फसवा आहे. परीक्षक कामाच्या तक्त्यात प्रत्येक भागीदारापुढचे मनुष्य-महिने (एका माणसाचे महिनाभराचे काम म्हणजे एक) पाहतात. चार वर्षांत तीन मनुष्य-महिने असलेली संस्था म्हणजे खोगीरभरती, हे एका नजरेत कळते. उलट, ज्यांच्यासाठी संशोधन करायचे ते नगरपालिका, रुग्णालय किंवा शेतकरी संघटना यांना फक्त सल्लागार मंडळात बसवले, त्यांना ना काम ना पैसा, तर परिणामांच्या प्रकरणाला धार राहत नाही.

सहभागाच्या भूमिका वेगवेगळ्या आहेत. लाभार्थी संस्था करारावर सही करते आणि अनुदान घेते. सहयोगी भागीदार काम करतो, पण अनुदान घेत नाही. उपकंत्राटदार पैसे घेऊन ठरावीक काम करून देतो. मुख्य शास्त्रीय काम त्याच्याकडे सोपवले की ‘मग ही क्षमता तुमच्यात नाही का?’ हा प्रश्न ओढवतो. प्रत्येक संस्थेला नऊ अंकी ओळखक्रमांक लागतो. विद्यापीठाकडे तो बहुधा आधीच असतो, त्यामुळे विभागाने परस्पर नवी नोंदणी करू नये. सदस्य व सहयोगी देशांतील विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि सार्वजनिक संस्था यांच्याकडे करारापर्यंत लिंगसमानता आराखडाही असावा लागतो : प्रसिद्ध केलेला, स्वतंत्र मनुष्यबळ दिलेला, आकडेवारी आणि प्रशिक्षणाची सोय असलेला.

अर्जाचे दोन भाग. भाग ‘अ’ आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवरच भरायचा : संस्था, संशोधक, अंदाजपत्रक, नैतिकता व सुरक्षेची प्रश्नावली. भाग ‘ब’ पीडीएफ म्हणून जोडायचा. त्यात उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी अशी तीन प्रकरणे असतात. पूर्ण अर्जाला पहिली काही वर्षे ४५ पाने आणि ठोक अनुदानाच्या (खर्चाच्या हिशेबाऐवजी आधी ठरलेली एकरकमी रक्कम देणाऱ्या) अर्जाला ५० पाने अशी मर्यादा होती. पुढे ती बदलत गेली, म्हणून प्रत्येक वेळी त्या कॉलचाच (अर्ज मागवणाऱ्या सूचनेचाच) नमुना उतरवून घ्यावा. कागद ए-४, समास निदान १५ मिमी., मजकुराचा टंक निदान ११ पॉइंट. मर्यादेपलीकडची पाने परीक्षकांना दिसतच नाहीत, आणि शेवटी येतात ते नेमके कामाचे आणि खर्चाचे तक्ते. दोन टप्प्यांच्या कॉलमध्ये पहिला अर्ज त्रोटक असतो. काही कॉलमध्ये तो निनावी तपासला जातो. तिथे भाग ‘ब’मध्ये विद्यापीठाचे नाव आले तर अर्ज बाद होतो.

परिणामांच्या प्रकरणात निष्पत्ती, फलित आणि प्रभाव अशी साखळी मागितलेली असते, आणि बहुतेक अर्ज इथेच ढिले पडतात. समजा, प्रकल्प पूर-इशाऱ्याचा आहे. ‘प्रकल्पामुळे समाजाची आपत्ती-सज्जता वाढेल’ या वाक्याला गुण नाहीत. चार खोऱ्यांत तपासलेले प्रारूप (मॉडेल) ही निष्पत्ती. त्या खोऱ्यांतील जलप्राधिकरणांनी प्रकल्प संपताना ते दैनंदिन कामात घेणे, हे फलित. इशारा आणि पूर यांच्यातला वेळ सहा तासांवरून बारावर जाऊन कमी होणारे नुकसान, हा प्रभाव. सुरुवातीचा आकडा, गाठायचा आकडा, तो कोण मोजणार आणि आड काय येऊ शकते, हे चारही लिहावे लागते. प्रसिद्धी, ज्ञानप्रसार आणि निष्कर्षांचा वापर या तीन गोष्टी वेगळ्या धरल्या जातात. वेबसाइट आणि समाजमाध्यमे एवढ्यावर भागत नाही.

कामाचा आराखडा. प्रकल्प वर्क पॅकेजमध्ये विभागतात; सहा ते आठ पुरतात. प्रत्येकाला एक नेतृत्वसंस्था, कामे, डिलिव्हरेबल आणि महिने. डिलिव्हरेबल म्हणजे सादर करायची वस्तू : अहवाल, विदासंच (डेटासेट), सॉफ्टवेअर. माइलस्टोन म्हणजे पुढे जायचे की मार्ग बदलायचा हे ठरवणारी खूण. ‘वार्षिक बैठक झाली’ असले माइलस्टोन घालू नयेत. विदा-व्यवस्थापन आराखडा सहाव्या महिन्यापर्यंत द्यायचा असतो. जोखमीच्या तक्त्यात ‘भागीदार सोडून गेला तर’ हे सगळेच लिहितात. नमुने मिळाले नाहीत, परवानगी लांबली, प्रारूपाची अचूकता ठरल्यापेक्षा कमी आली, अशा खऱ्या जोखमी लिहिणारा अर्ज अनुभवी हातचा वाटतो.

अंदाजपत्रक. प्रत्यक्ष खर्चावर २५ टक्के अप्रत्यक्ष खर्च (वीज, कार्यालय, प्रशासन वगैरेंचा) सरसकट मिळतो. उपकंत्राटावर तो मिळत नाही. एका विद्यापीठाचे नमुन्यादाखल गणित पाहू. ३६ मनुष्य-महिने, महिन्याला ६,५०० युरो दराने २,३४,००० युरो. प्रवास १२,००० युरो. उपकरण ६०,००० युरोंचे; पण सहसा पूर्ण किंमत धरता येत नाही, घसारा धरावा लागतो. आयुष्य ५ वर्षे, प्रकल्पात वापर ३ वर्षे आणि तोही अर्धा वेळ, म्हणजे १८,००० युरो. प्रत्यक्ष खर्च २,६४,००० युरो, त्यावर अप्रत्यक्ष ६६,००० युरो, एकूण मागणी ३,३०,००० युरो. उपकरणाची पूर्ण किंमत लावणे ही विद्यापीठांकडून हमखास होणारी चूक. प्रवास, उपकरणे आणि इतर खरेदी मिळून मनुष्यबळाच्या खर्चाच्या १५ टक्क्यांवर गेली तर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागते. या उदाहरणात ती १३ टक्क्यांच्या आत आहे.

ठोक अनुदानाचे विषय अलीकडे वाढले आहेत. त्यात प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या आणि वेळपत्रके युरोपीय आयोगाला द्यावी लागत नाहीत, पण पैसे पूर्ण झालेल्या वर्क पॅकेजचेच मिळतात. व्यवस्थापनाचे एकच वर्क पॅकेज पहिल्या महिन्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत ताणले तर त्याचे पैसे शेवटपर्यंत अडकतात. म्हणून अशी लांब कामे अहवालकाळाप्रमाणे तोडून दोन-तीन पॅकेज करतात.

सादरीकरण. मुदत ब्रुसेल्सच्या वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजता संपते. अर्ज फक्त समन्वयक (प्रकल्पाचे नेतृत्व करणारी संस्था) सादर करू शकतो आणि मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा सादर करता येतो. शेवटची प्रत ग्राह्य धरतात. म्हणून एक-दोन दिवस आधीच कच्ची का होईना, एक पूर्ण प्रत चढवून ठेवणे शहाणपणाचे. विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाची अंतर्गत मुदत त्याआधी आठवडा-दोन आठवडे असते. भाग ‘अ’मधले अंदाजपत्रक आणि भाग ‘ब’मधले मनुष्य-महिने जुळत नाहीत, हे बहुधा याच तपासणीत सापडते.

मूल्यमापन. किमान तीन बाहेरचे परीक्षक आधी स्वतंत्र आणि मग एकमताने गुण देतात. उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी या तिन्ही निकषांना ५ पैकी गुण, तेही अर्ध्या गुणाच्या टप्प्याने. प्रत्येकात निदान ३ आणि एकूण १५ पैकी १० हवेत. दहा गुणांनी अर्ज उत्तीर्ण ठरतो, पैसे मात्र मिळत नाहीत. चुरशीच्या विषयात साडेतेरा-चौदाच्या पुढेच हिशेब सुरू होतो. नवोन्मेष कृतीत क्रम लावताना परिणामाच्या गुणांना दीडपट वजन असते. परीक्षक अर्ज आहे तसा तपासतात, सुचवलेल्या सुधारणा गृहीत धरत नाहीत. निकालावर ३० दिवसांत फेरतपासणी मागता येते, पण ती प्रक्रियेतील दोषांपुरती. शास्त्रीय मत पटले नाही म्हणून उपयोग नाही.

मुदतीपासून पाच महिन्यांत निकाल आणि आणखी तीन महिन्यांत करार, असे एकूण आठ महिन्यांचे वेळापत्रक असते. याच काळात भागीदारांनी आपसातला कन्सॉर्शियम करार उरकायचा : बौद्धिक संपदा, मतदान, पैशांचे वाटप, कुणी काम बुडवले तर काय. ही बोलणी अर्जापूर्वी अजिबात झालेली नसतील, तर बौद्धिक संपदेवर गाडे अडते. पहिल्या हप्त्यातून अनुदानाच्या ५ ते ८ टक्के रक्कम ‘परस्पर विमा निधी’त (एखाद्या भागीदाराकडून पैसे बुडाले तर ते भरून काढणाऱ्या सामायिक निधीत) वळती होते, हे विद्यापीठाच्या लेखा विभागाला आधी सांगून ठेवावे.

भारतीय संस्था. भारतातील विद्यापीठे प्रकल्पात सहभागी होऊ शकतात, पण त्यांना अनुदान आपोआप मिळत नाही. विषयाच्या मजकुरात तशी स्पष्ट तरतूद असेल किंवा त्यांचा सहभाग अत्यावश्यक ठरला, तरच ते मिळते. एरवी सहयोगी भागीदार म्हणून स्वतःचा निधी आणावा लागतो. निवडक कॉलसाठी भारतातील विज्ञान व तंत्रज्ञान विभाग किंवा जैवतंत्रज्ञान विभाग समांतर निधी देतात. आधीच्या ‘होरायझन २०२०’मधले ‘पवित्र गंगा’, ‘लोटस’, ‘पानीवॉटर’ हे पाणीप्रकल्प असे दोन्हीकडच्या पैशांतून झाले. अशा वेळी भारतीय बाजूचा अर्ज वेगळ्या नमुन्यात वेगळा भरायचा असतो. तो राहिला तर युरोपात प्रकल्प मंजूर होऊनही इथले काम बिनपैशाचे राहते.

आरोग्य संशोधनात परदेशी सहभाग असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. जैविक नमुने बाहेर जाणार असतील तर जैविक विविधता अधिनियम, २००२ पाहावा लागतो, आणि पैसा थेट येणार असेल तर विदेशी अंशदान कायद्यात आपली संस्था कशात मोडते तेही. या परवानग्यांना लागणारे महिने कामाच्या आराखड्यातच धरावेत. ब्रुसेल्सचे संध्याकाळचे ५ म्हणजे भारतात उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. तोवर कुलसचिव कार्यालय बंद झालेले असते, म्हणून सह्या आणि आकडे आदल्या दिवशीच घ्यावेत.